संतोषचा माफीनामा मी लिहिला

मी शारजाला निघाले त्या दिवशी माझी गाडी माझ्या वडिलांनीच पुकारली.

बाबा कराडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. त्या दिवशी त्यांना रजा मिळाली असती, पण त्यांनी मागितली नाही. आई फलाटावर माझ्या दोन बॅगांच्या मध्ये उभी होती, शेजारच्या काकू आल्या होत्या, आणि बाबा आत केबिनमध्ये माइकसमोर. "कराड-मुंबई, फलाट क्रमांक तीन, प्रवाशांनी बसून घ्यावे." रोजचाच कोरा आवाज. फरक एवढाच, की प्रत्येक गाडी ते दोनदा पुकारायचे आणि ही त्यांनी तीनदा पुकारली. गाडी हलली तेव्हा ते केबिनच्या खिडकीशी आले, हात वर केला आणि लगेच आत वळले.

आदल्या दिवशी जेवताना म्हणाले होते, "तिकडे गेल्यावर स्पष्ट बोलत जा. ऐकणाऱ्याला परत विचारायला लागलं, तर चूक पुकारणाऱ्याची." बाकी काही उपदेश नाही. मला हसू आलं होतं. मी काय तिकडे गाड्या पुकारायला चालले होते?

त्याला आता बारा वर्षं झाली. हे लिहितेय ते मागे राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे जे निघाले त्यांच्यासाठीही. आमचे फोटो तुम्ही पाहता, समुद्राचे, उंच इमारतींचे, आमच्या लेकीच्या, इराच्या वाढदिवसाचे. ही गोष्ट फोटोत येणारी नाही.

मी जपानी शिकले पुण्यात. बी.कॉम. झाले आणि नोकरी मिळेना, तेव्हा एका मैत्रिणीच्या नादाने क्लास लावला. मैत्रीण दोन महिन्यांत गळाली, मी टिकले. एकामागून एक परीक्षा दिल्या. जपानला जायचं स्वप्न होतं. प्रत्यक्षात महेशशी लग्न झालं, तो आधीपासून शारजात एसी मेंटेनन्सच्या धंद्यात होता, आणि तिथल्याच एका जपानी कंपनीला जपानी, इंग्रजी आणि हिंदी तिन्ही येणारी कोऑर्डिनेटर हवी होती. सगळं जुळून आलं. जपान तेवढं राहिलं. आजही मी जपान पाहिलेलं नाही. हे मी चारचौघांत सहसा सांगत नाही, कारण चारचौघांत मी जपानी लोकांवर बोलणारी बाई म्हणून ओळखली जाते. म्हणजे जात होते.

आमचं घर शारजातल्या रोल्ला भागात, एका जुन्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर. सुरुवातीला मी प्रत्येक गोष्ट कराडशी ताडून बघायची. इथली कोथिंबीर, इथली संध्याकाळ, इथली माणसं. आता ताडत नाही, पण माझ्या बोलण्याच्या चिंध्या झाल्यात हे मात्र कळतं. सकाळी इराला म्हणते, "यल्ला, चल, बस येईल, दप्तर भर." ती म्हणते, "कमिंग, आई, स्टॉप शाउटिंग." खाली दुकानात हिंदी, ऑफिसात इंग्रजी, साहेबांशी जपानी. मराठी उरली ती महेशशी भांडायला आणि आईला फोन करायला.

आणि यार्डसाठी. आमची कंपनी मोठे पंप आणून विकते, बसवून देते. ऑफिस शारजात, आणि माल ठेवायचं यार्ड पार पूर्वेला, खोर फक्कानच्या बाजूला, डोंगर ओलांडून. आठवड्यातून एकदा मला तिकडे जावं लागायचं. यार्डातली निम्मी माणसं कोकणातली, गुहागर, दापोली, मंडणगडची. ती काही आमच्या कंपनीच्या व्हिसावर नव्हती, लेबर सप्लाय कंपनीकडून आलेली होती. गाडीतून उतरलं की कुणीतरी म्हणायचं, "मॅडम आल्या. काय मॅडम, जेवलात का?" तेवढ्यानं माझं तोंड मोकळं व्हायचं. आठवडाभर तीन भाषांत जपून बोललेलं सगळं तिथे सैल सुटायचं.

संतोष तिथला रिगर. क्रेनने जड माल उचलताना त्याला बेल्ट गुंडाळायचा, वजन नीट तोलायचं आणि क्रेनवाल्याला हाताने खुणा करायच्या, हे त्याचं काम. बेल्ट म्हणजे जाड कापडी पट्टा, हाताच्या वितीएवढा रुंद. संतोष चौतीस-पस्तिशीचा, गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतला. बायको आणि दोन मुली गावी. हळू बोलायचा, पण खूप बोलायचा. मुलीचे पेपर कसे गेले इथपासून जेटीवर मासे किती आले इथपर्यंत, सगळं मला सांगायचा.

आणि ओकादा-सान आमचे मॅनेजर; 'सान' म्हणजे आपलं 'जी'. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, एकटे राहणारे. बायको आणि मुलगा जपानात. मला ते "बायशारी-सान" म्हणायचे, कारण वैशाली हे नाव त्यांच्या जिभेला पेलत नव्हतं. त्यांच्यामुळेच मला ती गोष्ट सुचली, जिच्यावर पुढे मी टाळ्या घेतल्या.

एकदा त्यांच्या टेबलावरचा कप एसीच्या वाऱ्याने हललेल्या फायलीचा धक्का लागून खाली पडला. फाईल मी ठेवली होती. ते जपानीत म्हणाले, "मी कप पाडला, माफ करा." पडला नव्हे, पाडला. पुढे लक्ष दिलं तर दिसलं, की पाकीट हरवलं तरी ते "मी पाकीट पाडलं" म्हणतात, हाड मोडलं तरी "मी हाड मोडलं" म्हणतात. आणि आपल्यासाठी स्वतः उठून चहा केला, की म्हणतात, "चहा आत आलाय." जणू चहा स्वतःच्या पायांनी कपात येऊन बसला. मी चकित झाले. आपण नेमकं उलटं बोलतो. कप फुटला, दूध उतू गेलं, उशीर झाला. आणि केलं ते मात्र मी केलं, मी दिलं, मी म्हणून सांभाळलं.

दुबईत ऊद मेथाच्या एका हॉलमध्ये मराठी लोकांचा कार्यक्रम होता, तिथे मला "जपानी मन समजून घेताना" या विषयावर बोलायला बोलावलं. मी हेच सांगितलं. म्हटलं, वाईट घडलं तर हा माणूस क्रियापदातच ते अंगावर घेतो, आणि चांगलं केलं तर क्रियापदातच स्वतःला लपवतो. लहानपणापासून अशी वाक्यं बोलली की मनही तसंच घडतं. त्यांची सगळ्यात मोठी माफी शब्दशः काय म्हणते माहीत आहे का? "सबब सांगायला जागा नाही." लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, "तुम्ही तर अर्ध्या जपानीच झालात हो." मला ते फार आवडलं. घरी येताना टॅक्सीत आठवलं, की माझी आईसुद्धा "चहा झालाय, घ्या" असंच म्हणते, "मी केलाय" म्हणत नाही. ते मी भाषणात घेतलं नव्हतं. माझ्या मांडणीत बसत नव्हतं.

त्यानंतर आठवड्याभरात संतोषचा फोन आला.

"मॅडम, तो मोठा बेल्ट आहे ना, निळा, त्याची कड उसवत आलीय. जड पंप त्यावर नको उचलायला. ओकादा साहेबांना सांगाल का? नवा पाहिजे. सुपरवायझरला बोललो मी, तो नुसता इन्शाल्ला, इन्शाल्ला करतोय."

"सांगते," मी म्हटलं.

आणि सांगितलंही. पण कसं? मीटिंग संपत आली होती, ओकादा-सान वही मिटत होते. मी माझ्या उत्तमोत्तम जपानीत म्हटलं, की यार्डातला बेल्ट थोडासा जुना झाला असावा असं ऐकण्यात आलंय, सवडीने कधी पाहता आलं तर. जपानी माणसाला थेट मागणी करू नये, सुचवावं, तो ओळखतो. असं मला माझ्या शिक्षिकेने शिकवलं होतं आणि मी दुसऱ्यांना शिकवत होते. ओकादा-सान म्हणाले, "असं का." आणि वही मिटली. मला वाटलं, त्यांनी ओळखलं.

तीन आठवड्यांनी बेल्ट सुटला.

मी तिथे नव्हते. दुपारी मोठा पंप ट्रकवरून उतरवताना बेल्टची कड फाटली, पंप कलला आणि कमरेएवढ्या उंचीवरून काँक्रीटवर पडला. खाली एक माणूस वाकून लाकडी ठोकळे लावत होता. संतोषने ओरडून त्याला मागे खेचला. कुणाला खरचटलंही नाही. पंपाचं बाहेरचं कवच मात्र तडकलं, आणि तो पंप गिऱ्हाइकाला त्याच आठवड्यात द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि ओकादा-सान यार्डात गेलो. जपानी कंपन्यांत असं काही झालं की एक कागद लिहायची रीत असते. काय झालं, माझं कुठे चुकलं, पुन्हा होणार नाही, असा तो माफीनामा. त्यात जो जो संबंधित तो लिहितो. मॅनेजरही लिहितो. लिहिणाऱ्याने सगळं गिळून दोष घ्यायचा, आणि मग तो कागद फायलीत जातो आणि प्रकरण मिटतं. ओकादा-सान म्हणाले, "माझा मी लिहितो. संतोष-सानचं तुम्ही विचारून जपानीत लिहा, खाली त्यांची सही घ्या."

यार्डाच्या केबिनमध्ये संतोष माझ्यासमोर बसला. मी म्हटलं, "घाबरू नकोस. काय झालं ते मला सांग."

तो सांगत गेला. "मॅडम, बेल्ट सुटला. मी दोन वेळा तपासला होता, पण दुसरा बेल्टच नव्हता, काय करणार? तुम्हाला फोनवर बोललो होतो ना मी? कड जाताना मला दिसली. मी बोंबललो, त्याला ओढला. नाहीतर मॅडम, मेला असता तो. मला रात्रभर तेच दिसतंय."

मी लिहिलं, "माझ्या निष्काळजीपणामुळे बेल्ट निसटला आणि मी पंप पाडला. सबब सांगायला जागा नाही. यापुढे अशी चूक होणार नाही याची मी खबरदारी घेईन."

बेल्ट जुना होता, हे लिहिलं नाही. ती सबब दिसली असती, आणि अशा कागदात सबब वाईट दिसते. त्याने माणूस वाचवला, हेही लिहिलं नाही. तसल्या कागदात स्वतःचं कौतुक कुणी करत नाही. अगदी सुंदर, नियमाला धरून असा कागद झाला. मी तो संतोषपुढे सरकवला.

"काय लिहिलंय?" त्याने विचारलं.

"झालं ते लिहिलंय. फॉर्मॅलिटी आहे. सही कर."

त्याने सही केली. मराठीत, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

ओकादा-सानांना तो कागद फार आवडला. म्हणाले, "प्रामाणिक माणूस आहे." त्यांनी स्वतःच्या कागदात लिहिलं होतं की देखरेखीत मीच कमी पडलो. दोन्ही कागद जपानला गेले. माझ्या मते प्रकरण मिटलं होतं.

पण पंप इन्शुरन्समध्ये होता. इन्शुरन्सवाल्यांनी सगळी कागदपत्रं इंग्रजीत मागितली. हेड ऑफिसने कुणाकडून तरी भाषांतर करून घेतलं, आणि त्याची कॉपी मला मेलवर आली. मी ती दोनदा वाचली. ओकादा-सानांचं वाक्य इंग्रजीतही एका साहेबाच्या सौजन्यासारखं वाटत होतं. संतोषचं वाक्य मात्र कबुलीजबाब झालं होतं. मी निष्काळजी होतो. मी पंप पाडला. माझ्याकडे काही कारण नाही. खाली त्याची मराठी सही.

तोच कागद लेबर सप्लाय कंपनीकडे गेला. त्यांच्या माणसाने संतोषला बोलावून सांगितलं, खलास, काम बंद, तिकीट निघेल.

माझ्या आयुष्यातले पुढचे अकरा दिवस मला कुणी परत दिले तर मी ते वेगळे जगेन. मेल आली त्या दिवसापासून मी ओकादा-सानांसमोर बोलले त्या दिवसापर्यंतचे अकरा दिवस. त्यांत संतोषचा दोनदा फोन आला.

पहिल्यांदा म्हणाला, "मॅडम, काहीतरी गैरसमज झालाय बघा. तुम्ही साहेबांशी बोला ना. तुम्हाला त्यांची भाषा येते."

मी म्हटलं, "बघते."

दुसऱ्यांदा म्हणाला, "मॅडम, परवाचं तिकीट आलं. तुम्ही बोललात का?"

मी म्हटलं, "हो, बघतेय मी."

जपानी लोक "विचार करतो" म्हणतात म्हणजे नाही म्हणतात, असं मी भाषणात सांगितलं होतं आणि लोक हसले होते. आपल्या "बघते"बद्दल मी काही बोलले नव्हते.

महेशला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही. त्याने टीव्ही बंद केला, नीट ऐकलं आणि विचारलं, "कागदावर तुझी सही आहे?"

"नाही."

"मग गप्प बस. तुझी नोकरी गेली तर इराची शाळा माझ्या एकट्यावर होणार नाही. आणि तू मुद्दाम थोडंच केलंस? तुमच्यात लिहायची पद्धतच तशी आहे ना?"

पद्धतच तशी आहे. हेच मीही स्वतःला सांगत होते. पण भांडी घासताना, इराला झोपवताना, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, मला एकच प्रश्न पडायचा. बेल्टचं मी का लिहिलं नाही? जपानी रीत म्हणून? की ते लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, संतोषने हे कुणाला सांगितलं होतं, आणि उत्तर आलं असतं, बायशारी-सानला? त्या केबिनमध्ये माझ्या मनात त्या क्षणी काय होतं, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. एवढंच सांगू शकते, की एका समाजाचं मन कसं चालतं हे मी इतकी वर्षं लोकांना समजावत होते, आणि माझं स्वतःचं मन त्याच समजावण्याच्या आड जाऊन बसलं होतं. कुणाला दिसलं नाही. मलाही नाही.

संतोष गेला त्यानंतर दोन दिवसांनी मी ओकादा-सानांच्या केबिनमध्ये गेले. दार लावलं. उभ्याउभ्याच बोलले, छोट्या छोट्या वाक्यांत, कुठलंही वळण न घेता. मला माझा आवाज स्टँडवरच्या बाबांसारखा वाटला. बेल्ट फाटायला आला होता. संतोषने तीन आठवडे आधी मला सांगितलं होतं. मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. संतोषने दोष कबूल केला नव्हता. कागदावरची वाक्यं माझी आहेत. त्याने एका माणसाला वाचवलं, ते मी गाळलं. हे सगळं चुकलंय असं मला अकरा दिवसांपासून माहीत आहे.

त्यांनी समोरची फाईल बाजूला ठेवली. मग विचारलं, "बेल्टचं तुम्ही मला कधी सांगितलं?"

मी मीटिंगची आठवण दिली. माझं ते मऊसूत वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"ते बेल्टबद्दल होतं?" ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही सहज काहीतरी बोललात."

"जपानीत थेट मागू नये म्हणून मी..."

"बायशारी-सान." त्यांनी पहिल्यांदाच माझं वाक्य मध्ये तोडलं. "मी तरुणपणी कारखान्यात होतो. तिथे काही धोका दिसला की आम्ही ओरडायचो. 'आबुनाइ!' सांभाळ! साहेब असला तरी त्याच्यावर ओरडायचो. असं मऊ बोलायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

मग ते खिडकीकडे वळून, जरा थकल्यासारखे बोलले. "माझा थोरला भाऊ शेती करतो. त्याने आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही. मीही घरी फारशी मागत नव्हतो. इकडे आल्यावर मी सारखा वाकतो, सारखं माफ करा म्हणतो. सगळे माझ्याकडे जपानी म्हणून बघत असतात, त्यांची निराशा होऊ नये म्हणून." मग म्हणाले, "संतोष-सानचा कागद वाचून मला वाटलं होतं, या माणसाला मी समजलो. पण तो कागद तर तुमचा होता."

मला रडू आलं. त्यांनी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि लगेच कॉम्प्युटर उघडला. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून हेड ऑफिसला आणि लेबर सप्लायवाल्यांना पत्र लिहिलं. या वेळी आधी इंग्रजीत. त्यात बेल्ट होता, फोन होता, वाचवलेला माणूस होता, माझं नाव होतं. त्यांनी स्वतःचंही घातलं, सूचना ऐकूनही आपण चौकशी केली नाही म्हणून. संतोषच्या नावावरचा शेरा निघाला. परत यायचं असेल तर घेऊ, असं लेबर सप्लायवाल्यांनी कळवलं. मला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. ओकादा-सानांना वर्ष संपायच्या आत जपानला परत बोलावलं. याच कारणाने की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कराडला गेले, तिथून एकटीच गुहागरला. आईला सांगितलं, ऑफिसच्या एका माणसाला भेटायचंय. बाबांना खरं सांगितलं. निवृत्त होऊन त्यांना आता सहा वर्षं झालीत, ऐकूही कमी येतं. त्यांनी मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "जाऊन ये." बस एवढंच.

संतोष घरीच होता. होड्यांच्या इंजिनांची दुरुस्ती करणाऱ्या एकाकडे त्याने काम धरलं होतं, त्या दिवशी सुट्टी होती. मला पाहून तो उठला, "या मॅडम" म्हणाला, खुर्ची दिली. बायको दारात उभी राहिली. मुली पडवीत अभ्यासाला बसल्या होत्या, तिने त्यांना आत पाठवलं.

मी सांगितलं. कागदावर मी काय लिहिलं होतं ते मराठीत, शब्द न् शब्द. काय गाळलं तेही. त्याचे फोन आले तेव्हा मला सगळं माहीत होतं, तेही.

त्याची बायकोच पहिल्यांदा बोलली, "म्हणजे ह्यांनी चूक केली असं तुम्ही लिहिलंत?"

"हो. मी लिहिलं."

"आणि ह्यांनी सही केली?"

"हो."

ती नवऱ्याकडे वळली. "वाचल्याशिवाय?"

संतोष खाली बघत म्हणाला, "जपानीत होतं ते. मला काय वाचता येणार?" मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण पूर्वीसारखंही नाही. "मॅडम, तिथे सात वर्षांत मी कुठल्याही कागदावर विचारल्याशिवाय सही केली नव्हती. अरबीत असो, इंग्रजीत असो, कुणाकडून तरी वाचून घ्यायचो. तुम्ही होता म्हणून केली. आपलं माणूस आहे म्हटलं."

मी म्हटलं, "माफ कर." ते किती छोटं वाटलं काय सांगू. मराठीत ते शब्द मी शेवटचे कधी कुणाला म्हटले होते, मला आठवत नव्हतं.

"ते पत्र आलं," तो म्हणाला. "परत या म्हणतात. नाही येणार मी. तुमच्यामुळे नाही. म्हणजे, तुमच्यामुळे पण आहे. आता तिथे गेलो तर बोलायचं कुणाशी, हे कळायचं नाही मला."

जेवून जा असं कुणी म्हटलं नाही. कोकणातल्या घरातून मी पहिल्यांदाच न जेवता निघाले, आणि तेच बरोबर होतं.

आता परत रोल्लात आहे. लोक विचारतात, सुट्टी कशी झाली, घरी बरं वाटलं ना? घर. पूर्वी मी म्हणायचे कराड, मग म्हणायला लागले हा चौथा मजला. आता मला वाटतं, घर ते, जिथे माणूस शब्द मोजत नाही, जिथे बोललेलं आपल्यावर उलटेल असं त्याच्या मनातही येत नाही. त्या परक्या मुलखात, डोंगरापलीकडच्या एका तापलेल्या यार्डात, पत्र्याच्या केबिनमध्ये, संतोषसाठी ते घर काही मिनिटं उभं होतं. माझ्या मराठीने ते उभं केलं होतं आणि मीच त्यात बसून लिहीत होते.

भाषणाची बोलावणी अजून येतात. मी नाही म्हणते. "बघते" म्हणत नाही, नाही म्हणते.

मागच्या महिन्यात यार्डात एका पेटीची फळी तुटून थोडं सामान सांडलं. नवे साहेब म्हणाले, लिहून घ्या. रिगर आता प्रकाश आहे, मंडणगडचा, चाळिशीचा. केबिनमध्ये शिरताच तो मराठीत भडाभडा सुरू झाला, "मॅडम काय झालं सांगू का, तो फोर्कलिफ्टवाला आहे ना..."

मी हात वर केला. म्हटलं, "प्रकाश, आधी माझं ऐका. तुम्ही जे सांगाल ते मी लिहिणार आहे आणि ते तुमच्या नावावर पुढे जाणार आहे. लिहून झालं की मी ते मराठीत वाचून दाखवेन. तुम्हाला पटेपर्यंत सही करायची नाही. मी सांगितलं तरी नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पेनकडे. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि खुर्चीत सरळ बसला.

"ठीक है मॅडम," तो म्हणाला, "लिखिए." आणि पुढचं सगळं तो हिंदीत बोलला, एकेक शब्द मोजून.